गाढव, हत्ती आणि दोन रंग: अमेरिकी पक्षांच्या खुणा आल्या कुठून?

3 नोव्हेंबर 2026 ही अमेरिकेतील मतदानाची तारीख आहे. अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या या निवडणुकीत प्रतिनिधिगृहाच्या सर्व 435 आणि सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागांचा निकाल लागतो. अशा प्रत्येक निवडणुकीच्या सुमारास आपल्याकडील वृत्तवाहिन्याही तोच ओळखीचा नकाशा पडद्यावर आणतात: मधला आणि दक्षिणेकडचा भाग लाल, दोन्ही किनाऱ्यांचा बराचसा भाग निळा आणि कोपऱ्यात कुठेतरी एक हत्ती व एक गाढव. निवेदक 'लाल राज्य', 'निळे राज्य' हे शब्द काहीच न समजावता वापरत जातो. पाहणाऱ्याचे साधे प्रश्न मात्र तसेच राहतात. गाढव हे चिन्ह कोणता शहाणा पक्ष आपणहून घेईल? उद्योगपतींच्या बाजूचा समजला जाणारा पक्ष लाल रंगाचा कसा? आणि हे सगळे ठरवले कोणी?

महाराष्ट्रातील वाचकाला तर हे प्रश्न हटकून पडावेत, कारण पक्षचिन्हाची किंमत काय असते हे त्याने नुकतेच जवळून पाहिले आहे. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला, 6 फेब्रुवारी 2024 रोजी घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले, आणि दोन्ही वाद सर्वोच्च न्यायालयात गेले. आपल्याकडे चिन्हे राखून ठेवण्यासाठी आणि वाटून देण्यासाठी 1968 चा स्वतंत्र आदेश आहे. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर चिन्हांचे वाटप करणारी अशी यंत्रणाच नाही. तिथले गाढव विरोधकांच्या तोंडून आले, हत्ती एका व्यंगचित्रकाराच्या पेन्सिलीतून आला आणि रंग वृत्तपत्रांच्या व वाहिन्यांच्या कचेऱ्यांत ठरले. पक्षांनी यांपैकी बहुतेक गोष्टी नंतर, झाल्या प्रकाराला मान तुकवून, स्वीकारल्या.

आधी दोन पक्षांविषयी थोडे

डेमोक्रॅटिक पक्ष हा दोहोंतील जुना. 1828 मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या भोवती तो आकाराला आला. रिपब्लिकन पक्षाची स्थापना 1854 मधली. गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत विस्तार होऊ नये, या मागणीतून तो जन्मला आणि 1860 मध्ये अब्राहम लिंकन त्याच्या वतीने अध्यक्ष झाले. वयाने धाकटा असूनही त्याला 'ग्रँड ओल्ड पार्टी', म्हणजे 'थोर जुना पक्ष', असे लाडाचे नाव पडले आणि बातम्यांत त्याचेच 'जीओपी' हे लघुरूप आढळते. आज डेमोक्रॅट सर्वसाधारणपणे मध्याच्या डावीकडचे आणि रिपब्लिकन उजवीकडचे मानले जातात. परंतु एकोणिसाव्या शतकात ही विभागणी अशी नव्हती, हे पुढे नकाशे पाहताना लक्षात ठेवावे लागेल.

गाढव: शिवीतून आलेले

1828 ची प्रचारमोहीम अतिशय कडवट होती. जॅक्सन हे सरदारी वळणाचे नव्हते. सेनापती म्हणून नाव कमावलेले, तापट आणि हट्टी गृहस्थ होते. विरोधकांनी त्यांना गाढव म्हटले. ती शिवी त्यांनी उलट मिरवली आणि सामान्य माणसाचे कष्टाळू जनावर म्हणून गाढवाला जवळ केले, असे पुढे सांगितले जाऊ लागले. यातील मिरवण्याचा भाग कितपत खरा आणि कितपत नंतर रचलेला, हा वादाचा विषय आहे. पण गाढवाचे नाते जॅक्सन यांच्याशी जुळले हे खरे. 1837 मधील एका छापील चित्रात ते गाढवावर स्वार झालेले दिसतात.

त्यानंतर ही खूण जवळजवळ विस्मरणात गेली. तिला पुन्हा उजेडात आणले थॉमस नास्ट यांनी. 1840 मध्ये जर्मनीतील लांडाऊ गावी जन्मलेले नास्ट लहानपणीच न्यूयॉर्कला आले आणि 'हार्पर्स वीकली' या सचित्र साप्ताहिकाचे प्रमुख व्यंगचित्रकार झाले. त्या काळी छायाचित्र थेट छापता येत नसे. नास्ट लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिलीने उलटे चित्र काढत, कोरणारे कारागीर रेषा सोडून बाकीचे लाकूड खणून काढत आणि त्या ठोकळ्यावरून छपाई होई. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही चित्रे कळत, हीच त्यांची ताकद होती. न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी विल्यम ट्वीड याच्यावर त्यांनी काढलेली चित्रे इतकी गाजली, की देश सोडून पळालेला ट्वीड 1876 मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला तो नास्ट यांच्या एका चित्रावरून ओळख पटल्यामुळे.

15 जानेवारी 1870 च्या अंकात नास्ट यांनी एक जिवंत गाढव मेलेल्या सिंहाला लाथ मारताना दाखवले. सिंह होते एडविन स्टँटन, लिंकन यांचे युद्धमंत्री, जे तीनच आठवड्यांपूर्वी वारले होते. गाढव म्हणजे उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या यादवी युद्धाला विरोध करणाऱ्या डेमोक्रॅटांच्या बाजूची वृत्तपत्रे. म्हणजे या चित्रातही गाढव हे पक्षाचे अधिकृत चिन्ह नव्हते, ते फक्त त्या गोटातल्या वर्तमानपत्रांना दिलेले नाव होते. नास्ट स्वतः कट्टर रिपब्लिकन. विरोधकांना गाढव ठरवण्यात त्यांना अडचण वाटण्याचे कारण नव्हते.

हत्ती: बलवान, पण घाबरलेला

खरी गंमत हत्तीची आहे, कारण तो मित्राने काढलेला असूनही मुळीच गौरवास्पद नाही.

1874 मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची दुसरी मुदत चालू होती. ते तिसऱ्यांदाही उभे राहतील, अशी हाकाटी 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्राने उठवली आणि त्याला 'सीझरशाही', म्हणजे एकाच माणसाच्या हाती सारी सत्ता, असे भयंकर नाव दिले. तिसऱ्या मुदतीवर कायद्याने बंदी तेव्हा नव्हती. ती 1951 मध्ये घटनादुरुस्तीने आली. 7 नोव्हेंबर 1874 च्या अंकात नास्ट यांनी या हाकाटीवर चित्र काढले, ज्याचे नाव होते 'तिसऱ्या मुदतीची घबराट'.

चित्रात सिंहाचे कातडे पांघरलेले एक गाढव रानात शिरून आरडाओरडा करत आहे. वाघाचे कातडे पांघरून शेतात चरणारे आणि शेवटी ओरडल्यामुळे पकडले जाणारे पंचतंत्रातील गाढव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे रूपक वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नास्ट यांच्या वाचकांना तीच गोष्ट इसापाकडून माहीत होती. गाढवाला भिऊन प्राणी पळत सुटले आहेत. जिराफ, एकशिंगी घोडा आणि घुबड ही न्यूयॉर्कची निरनिराळी वृत्तपत्रे आहेत. शहामृगाने डोके जमिनीत खुपसले आहे. आणि एक प्रचंड हत्ती, ज्याच्या अंगावर 'रिपब्लिकन मत' असे लिहिले आहे, तोल जाऊन खड्ड्याच्या काठावर आला आहे. त्याच्या पायांखालच्या फळ्या मोडत आहेत.

आता बारकाईने पाहण्याची गोष्ट. या चित्रातील गाढव डेमोक्रॅटिक पक्ष नाहीच. ते आहे 'हेरल्ड' वृत्तपत्र. डेमोक्रॅटिक पक्ष या चित्रात कोल्ह्याच्या रूपात खड्ड्यापाशी बसलेला आहे. 'नास्ट यांनी एकाच चित्रात गाढव आणि हत्ती दोन पक्षांना वाटून दिले', असे जे सर्रास लिहिले जाते ते म्हणूनच चुकीचे आहे. तसेच हत्तीही सुरुवातीला पक्षाचा नव्हता, तर पक्षाच्या मतदाराचा होता: आकाराने मोठा, पण कोणी भलतेच ओरडले तरी बिथरणारा. त्याच महिन्यातील पुढच्या एका चित्रात नास्ट यांनी तो हत्ती खड्ड्यात पडलेला दाखवला, कारण त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहातील बहुमत खरोखरच गमावले होते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत नास्ट आणि त्यांचे अनुकरण करणारे चित्रकार हे दोन प्राणी पुन्हा पुन्हा काढत राहिले, आणि वाचकांची सवय पक्की झाली. स्वतः नास्ट मात्र 1884 मध्ये रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांना विरोध करून डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या बाजूला गेले. त्यांचा हत्ती तेवढा मागे राहिला.

ही चिन्हे अधिकृत आहेत का?

हत्ती रिपब्लिकन पक्षाने अधिकृतपणे आपला मानला आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने गाढव कधीही अधिकृतपणे स्वीकारलेले नाही. ते पत्रकांवर, बिल्ल्यांवर आणि अधिवेशनांच्या सजावटीत सर्वत्र दिसते, एवढेच. 2010 मध्ये पक्षाने नवे बोधचिन्ह घेतले तेही निळ्या वर्तुळातले 'डी' हे अक्षर.

इथे हमखास येणारी शंका अशी: चिन्ह अधिकृत नसेल तर मतपत्रिकेवर काय छापतात? आज बहुतेक राज्यांत उमेदवाराचे नाव आणि त्याखाली किंवा शेजारी पक्षाचे नाव, शब्दांत. गाढव किंवा हत्ती नव्हे. पण हे नेहमीच असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापतच नसे, पक्ष छापत. मतदार आपल्या पक्षाची छापील चिठ्ठी घेऊन ती पेटीत टाकी, आणि ती बहुधा वेगळ्या रंगाची किंवा आकाराची असल्याने त्याने कोणाला मत दिले हे सगळ्या गावाला दिसे. 1888 पासून एकेका राज्याने सरकारी, गुप्त मतपत्रिका स्वीकारली आणि तेव्हा कितीतरी राज्यांनी, अक्षरओळख नसलेल्यांच्या सोयीसाठी, पक्षांच्या रकान्यावर चित्रे छापायला सुरुवात केली. ही चित्रे राज्यागणिक वेगळी होती. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटांची चांदणी आणि रिपब्लिकनांचा गरुड. इंडियाना आणि केंटकीत डेमोक्रॅटांचा कोंबडा.

कोंबडा अलाबामातही होता, आणि तिथली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या चिन्हात पांढऱ्या कोंबड्याच्या वर 'गोऱ्यांचे वर्चस्व' असे शब्द होते, आणि ते 1966 पर्यंत मतपत्रिकेवर छापले जात होते. म्हणजे 1965 चा मतदान हक्क कायदा झाल्यावर प्रथमच मतदान करायला निघालेल्या कृष्णवर्णीय माणसाला त्या चित्रापुढे खूण करावी लागली असती. याच राज्यातील लाउंड्स परगण्यात लोकसंख्येचा सुमारे चार-पंचमांश भाग कृष्णवर्णीयांचा होता आणि 1965 च्या सुरुवातीला त्यांच्यापैकी नोंदणीकृत मतदार जवळपास शून्य होते. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते स्टोकली कारमायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने तिथल्या लोकांनी स्वतःचा स्थानिक पक्ष काढला. नियमाप्रमाणे मतपत्रिकेसाठी चित्र हवे होते. त्यांनी झेप घेणारा काळा चित्ता निवडला. नोव्हेंबर 1966 च्या निवडणुकीत त्यांचे सगळे उमेदवार हरले, परंतु चित्ता टिकला: ऑक्टोबर 1966 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर पक्षाने तो उचलला, आणि त्याच पक्षाच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. एका खेडवळ परगण्याच्या मतपत्रिकेवरील चित्राचा महाराष्ट्राशी असा थेट संबंध आहे. अमेरिकी पक्षचिन्हांच्या सगळ्या इतिहासात विचारपूर्वक, आपल्या गरजेसाठी, स्वतः निवडलेले चिन्ह शोधायचे तर माझ्या मते हेच.

तिसऱ्या पक्षांनीही प्राणी पाळून पाहिले. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून उभे राहिले, तेव्हा आपण 'बुल मूस'सारखे, म्हणजे उत्तरेकडच्या थोराड सांबरासारखे ठणठणीत आहोत, या त्यांच्या उद्गारावरून त्यांच्या पक्षाला तेच नाव पडले. त्यांना 27 टक्क्यांहून अधिक मते मिळाली, रिपब्लिकन उमेदवार विल्यम टॅफ्ट यांच्याहूनही जास्त. पण मते फुटल्यामुळे वुड्रो विल्सन निवडून आले आणि सांबर दिसेनासे झाले.

लाल आणि निळा: एवढे अलीकडचे?

प्राणी दीडशे वर्षांचे आहेत. रंगांना पंचवीसच वर्षे झाली आहेत. 'निळे राज्य' हा शब्दप्रयोग लिंकन यांच्या काळापासूनचा असावा असे पुष्कळांना वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले पाहिजे. 2000 पूर्वी कोणता रंग कोणाचा याला काही ठरीव नियम नव्हता. 1883 मध्ये छापलेल्या एका सांख्यिकी नकाशासंग्रहात डेमोक्रॅट लाल आणि रिपब्लिकन निळे आहेत, म्हणजे आजच्या उलट. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचा गणवेश निळा होता आणि ते युद्ध रिपब्लिकन अध्यक्षाच्या काळात लढले गेले. त्यामुळे तेव्हाच्या माणसाला निळा रंग रिपब्लिकनांचा वाटणे अगदी साहजिक होते.

रंगांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो रंगीत दूरचित्रवाणीमुळे. 1976 मध्ये एनबीसी वाहिनीने आपल्या स्टुडिओत अमेरिकेचा प्रचंड प्लास्टिकचा नकाशा उभारला. प्रत्येक राज्यामागे दिवे होते. निकाल जाहीर झाला की त्या राज्याचा रंग पेटे. दिव्यांच्या उष्णतेने प्लास्टिक वितळू लागले, तेव्हा मागून पंखे आणि वातानुकूलन यंत्रे लावून ते थंड ठेवावे लागले. या नकाशावर डेमोक्रॅट जिमी कार्टर लाल होते आणि रिपब्लिकन जेराल्ड फोर्ड निळे. कारण साधे होते: ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचा रंग निळा आणि मजूर पक्षाचा लाल, म्हणून इथेही तसेच. फार विचार कोणी केला नव्हता. त्याच रात्री एबीसी वाहिनीवर रिपब्लिकनांसाठी पिवळा आणि डेमोक्रॅटांसाठी निळा रंग होता. 1980 मध्ये रोनाल्ड रेगन यांनी इतकी राज्ये जिंकली, की एनबीसीचा नकाशा जवळजवळ संपूर्ण निळा झाला आणि निवेदक डेव्हिड ब्रिंकली यांनी त्याला उपनगरातल्या पोहण्याच्या तलावाची उपमा दिली.

1976 चा तो नकाशा आजच्या नकाशाशेजारी मनात ठेवून पाहण्यासारखा आहे. टेक्सास लाल. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, लुइझियाना, जवळजवळ सगळी दक्षिण लाल. कॅलिफोर्निया, ऑरेगॉन, वॉशिंग्टन निळी. आजच्या वाचकाला वाटेल, मग बदलले काय? पक्ष बदलला. तो लाल रंग कार्टर यांचा, म्हणजे डेमोक्रॅटांचा होता. यादवी युद्धात फुटून निघालेल्या अकरा दक्षिणी राज्यांपैकी व्हर्जिनिया सोडून सर्व त्यांनी जिंकली होती. आणि पश्चिम किनारा फोर्ड यांचा, म्हणजे रिपब्लिकनांचा होता. एकाच भूभागावर तोच रंग, पण त्या रंगाचा मालक उलटा. दक्षिणेतील गोरे मतदार 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकत गेले आणि रंगांची अदलाबदल वेगळ्या कारणाने, वेगळ्या वेळी झाली. दोन्ही उलथापालथींनी एकमेकींना पुसून टाकले. जुना नकाशा पाहताना खालची सूची न वाचणाऱ्याची फसगत होते ती अशी.

मग 2000 मध्ये असे काय झाले?

7 नोव्हेंबर 2000 च्या रात्री जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि अल गोर यांच्यातील लढत फ्लोरिडा या एका राज्यावर येऊन अडकली. वाहिन्यांनी ते राज्य आधी गोर यांना दिले, मग मागे घेतले, मग बुश यांना दिले, मग तेही मागे घेतले. फेरमोजणी, न्यायालये, छिद्र नीट न पडलेल्या मतपत्रिका हा सारा घोळ 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देईपर्यंत चालला. शेवटी 537 मतांच्या फरकाने फ्लोरिडा आणि त्याबरोबर अध्यक्षपद बुश यांना मिळाले.

एरवी निवडणुकीचा नकाशा एका रात्रीचा पाहुणा असतो. या वेळी तो पाच आठवडे रोज पडद्यावर आणि पहिल्या पानावर राहिला. 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'यूएसए टुडे' या दोन्ही वृत्तपत्रांनी बुश यांना लाल आणि गोर यांना निळा रंग दिला होता. 'टाइम्स'च्या आलेख विभागातील संपादकाने पुढे सांगितलेले कारण ऐकून हसू येते: इंग्रजीत 'रेड' आणि 'रिपब्लिकन' दोन्ही शब्द 'आर'ने सुरू होतात. इतर वाहिन्यांचेही रंग तोवर बरेचसे याच बाजूला झुकले होते. सगळीकडे एकच रंगसंगती इतके दिवस दिसत राहिल्यावर ती बदलण्यात कोणालाच अर्थ उरला नाही. एनबीसीचे टिम रसर्ट यांच्यासारखे भाष्यकार त्या दिवसांत राज्यांना रंगांनीच ओळखू लागले. विनोदी कार्यक्रमांत बुश यांना लाल राज्यांचे आणि गोर यांना निळ्या राज्यांचे अध्यक्ष करून टाका, असे तोडगे सुचवले गेले. नकाशाच्या सूचीतला रंग इथे माणसांना लावायचे विशेषण झाला.

पण लाल म्हणजे डावे ना?

ही शंका अगदी रास्त आहे. लाल बावटा म्हटले की आपल्यासमोर गिरणी कामगारांचा मोर्चा येतो, आणि जगात बहुतेक ठिकाणी समाजवादी, कम्युनिस्ट, मजूर हे पक्ष लालच आहेत. उजव्या पक्षाला लाल रंग ही जगात विरळ आढळणारी तऱ्हा आहे. तिथे ती खपून गेली याची दोन कारणे दिसतात. एक, रंग निवडणारे लोक विचारसरणीचा नव्हे तर पानाच्या मांडणीचा विचार करत होते. दुसरे, शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत कोणाला 'लाल' म्हणणे म्हणजे देशद्रोही म्हणण्यासारखे होते. डाव्या बाजूच्या डेमोक्रॅटांना तो रंग नको असणे समजण्यासारखे आहे, आणि 2000 पर्यंत सोव्हिएत संघ विसर्जित होऊन नऊ वर्षे झाल्याने रिपब्लिकनांनाही त्यात लाज वाटण्यासारखे काही राहिले नव्हते. 2016 च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांची लाल टोपी हीच त्यांच्या पाठीराख्यांची ओळख ठरली. हत्ती तिच्यावर नव्हता आणि त्याची गरजही भासली नाही.

नकाशा काय लपवतो

अमेरिकेत अध्यक्षाची निवड थेट मतांच्या बेरजेवर होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक, म्हणजे अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणारे प्रतिनिधी, असतात, एकूण 538. आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता, राज्यात एका मताने जरी पुढे असला तरी त्या उमेदवाराला तिथले सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून अख्खे राज्य एका रंगात रंगवले जाते. पंचवीस घरांच्या इमारतीत तेरा घरांत सकाळी चहा होत असेल आणि बारांत कॉफी, तर 'ही चहावाल्यांची इमारत' असा फलक दाराशी लावण्यासारखे हे आहे. निर्वाचक मोजण्यापुरता तो फलक बरोबर आहे. आतल्या माणसांविषयी तो फारसे काही सांगत नाही.

2020 चे आकडे घ्या. ट्रम्प यांना लाल टेक्सासमध्ये सुमारे 59 लाख मते मिळाली. गडद निळ्या कॅलिफोर्नियात त्यांना 60 लाखांहून अधिक मते मिळाली, जी टेक्सासपेक्षा जास्त आहेत. परंतु नकाशावर त्यांचा मागमूसही नाही. त्याचप्रमाणे टेक्सासमध्ये जो बायडन यांना मत देणारे 52 लाखांहून अधिक लोक लाल रंगाखाली गडप झाले. बराक ओबामा यांनी 27 जुलै 2004 रोजी बॉस्टनमधील भाषणात देशाची अशी लाल-निळी चिरफाड करणाऱ्या पंडितांना जो टोला लगावला होता, त्याचा आधार हाच होता. चुरशीच्या राज्यांना आता 'जांभळी' म्हणतात, पण खरे पाहता जांभळेपण कमीअधिक प्रमाणात सगळ्याच राज्यांत आहे.

दुसरी फसगत आकाराची. वायोमिंग राज्याचे क्षेत्रफळ सुमारे 2.53 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाच-षष्ठांशाच्या आसपास, आणि 2020 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या फक्त 5.77 लाख. न्यू जर्सी नकाशावर नखाएवढे, पण त्यात 92 लाखांहून अधिक माणसे राहतात. वायोमिंगला 3 निर्वाचक आहेत, न्यू जर्सीला 14. मोकळी कुरणे आणि डोंगर लाल रंगाने भरून गेले की देश एकाच बाजूला झुकल्यासारखा दिसतो. मत जमीन देत नाही, माणसे देतात. म्हणून काही वृत्तपत्रे आता प्रत्येक राज्य लोकसंख्येच्या किंवा निर्वाचकांच्या प्रमाणात लहानमोठे करून दाखवतात. ते नकाशे बेढब दिसतात. माझ्या मते ते जास्त प्रामाणिक आहेत.

तिसरी फसगत वेळेची. 2020 मध्ये पेनसिल्व्हेनियात मतदानानंतरच्या रात्री ट्रम्प सहा लाखांहून अधिक मतांनी पुढे होते आणि राज्य लाल भासत होते. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे टपालाने आलेली मते मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत, आणि त्या वर्षी महासाथीमुळे टपालाने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅट फार मोठ्या संख्येने होते. मोजणी संपली तेव्हा बायडन 80,555 मतांनी जिंकले. रंग बदलला म्हणून मते बदलली असे नव्हे. मते आधीच पडलेली होती, फक्त मोजण्याचा क्रम वेगळा होता. जो प्रेक्षक रंगालाच निकाल समजतो, त्याला अशा वेळी काहीतरी काळेबेरे झाल्याचा संशय येतो, आणि त्या संशयाचा राजकीय उपयोगही करून घेतला जातो.

रंग पुन्हा बदलू शकतील का?

कायद्याची आडकाठी काहीच नाही. उद्या सगळ्या वाहिन्यांनी ठरवले तर डेमोक्रॅट हिरवे होतील. तसे होण्याची शक्यता मात्र नाही, कारण रंग आता वाहिन्यांच्या हातात राहिलेले नाहीत. देणगी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांपासून प्रचारफलकांपर्यंत पक्षांनी स्वतःच ते अंगाखांद्यावर घेतले आहेत. राष्ट्रध्वजात लाल, पांढरा आणि निळा असे तिन्ही रंग असल्याने पूर्वी दोन्ही पक्ष तिन्ही रंग मोकळेपणी वापरत, आणि थोड्याफार प्रमाणात अजूनही वापरतात. परंतु मतदाराला एका नजरेत बाजू सांगायची असेल तर आता एकच रंग पुरतो.

याचे सगळ्यात टोकाचे उदाहरण नेब्रास्कातले. हे राज्य पक्के लाल आहे, पण आपल्या पाच निर्वाचकांपैकी तीन ते मतदारसंघनिहाय देते, आणि ओमाहा शहराचा मतदारसंघ 2008 व 2020 मध्ये डेमोक्रॅटांकडे गेला होता. त्यामुळे नकाशावर लाल पटात एक निळा ठिपका उमटतो. 2024 मध्ये ओमाहातील अंगणाअंगणांत पांढऱ्या पाट्या दिसू लागल्या, ज्यांवर केवळ एक निळे वर्तुळ होते: ना उमेदवाराचे नाव, ना पक्षाचे, ना गाढव. वाचायला काही नसूनही त्यांचा अर्थ सगळ्यांना कळत होता. समोरच्या बाजूने लाल रंगातल्या पाट्या लावून उत्तर दिले. मतदानाला दीडेक महिना उरला असताना राज्याचे पाचही निर्वाचक एकगठ्ठा विजेत्याला देण्याचा प्रयत्न झाला. पण आवश्यक तेवढे आमदार न मिळाल्याने तो बारगळला. नोव्हेंबरमध्ये ओमाहाचा एक निर्वाचक कमला हॅरिस यांना आणि उरलेले चार ट्रम्प यांना मिळाले.